छातीवरचा दिवा

अख्ख्या कुवेतमध्ये, आणि माझी पैज आहे की जपान सोडून अख्ख्या पृथ्वीवर, राक्षसांशी लढणाऱ्या अवाढव्य वीरांच्या बॅटरीची काळजी वाहणारा माणूस एकच आहे आणि तो माझ्या ताईचा नवरा आहे. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. मंगफच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे हसून दमले, भावोजींचं काही बिघडलं नाही.

भावोजी रिफायनरीत इलेक्ट्रिकल इंजिनिअर. कधीकाळी तिथे कामाला आलेल्या एका जपानी सहकाऱ्याने मायदेशी परतताना त्यांना टीव्ही मालिकांच्या डिस्कचं एक खोकं दिलं. बिल्डिंगएवढे वीर, रबरी राक्षस आणि लाथेसरशी कोसळणारी पुठ्ठ्याची शहरं. दुसऱ्या कुणी ते मुलांना देऊन टाकलं असतं, भावोजींनी त्याचं इन्स्पेक्शन केलं. सूर्यावर चालणारा वीर त्यांच्या लेखी अव्वल, कारण इंधनाची कटकट नाही, तरी "ढग आले तर? स्टँडबाय कुठाय?" हा शेरा मारूनच पास. इंधन संपलं की जागच्या जागी पुतळा होणारा यंत्रवीर दुसऱ्या वर्गात. आणि मुलांच्या विश्वासातून शक्ती मिळवणारा साफ नापास. "विश्वास मोजायचा कशात? मीटर दाखव मला!"

शुक्रवारी सकाळी पोहे झाले की बिल्डिंगमधली मुलं त्यांच्या हॉलमध्ये जमत. वीराच्या छातीवरचा दिवा लुकलुकायला लागला, की भावोजी चित्र थांबवून उभे राहत. "तीन मिनिटांत पॉवर संपते, ठीक आहे, डिझाइनची मर्यादा समजू. पण ते सांगणारा दिवा छातीवर? शत्रूच्या नाकासमोर? अलार्म ऑपरेटरला दिसायला हवा की मारायला आलेल्याला?" माझी लेक म्हणायची, "काका, इट्स जस्ट अ शो!" त्यावर भावोजी, "शो आहे म्हणून वायरिंग वाटेल तसं करायचं?"

स्वतःच्या घरात मात्र त्यांनी हा प्रश्नच ठेवला नव्हता. तिथे कसलीच बॅटरी कधी संपत नसे. फोन निम्म्यावर आला की त्यांचा जीव खाली-वर व्हायचा. ऐन उन्हाळ्यात वीज गेली की आम्ही घामाघूम होऊन सरकारला, कंपनीला आणि एकमेकांना शिव्या देत असू. भावोजी तेवढ्यात लग्नघरच्या यजमानासारखे टॉर्च आणि चार्जिंगचे पंखे वाटत जिन्यातून हिंडायचे. ताई म्हणायची, "माझी कधी एवढी चौकशी केलीत?" ते म्हणायचे, "तुझं चार्जिंग उतरलेलं मी बघितलेलंच नाही."

यंदा लिफ्ट बंद पडली. मी तिसऱ्या मजल्यावर, ते चौथ्या. एका संध्याकाळी दार उघडलं तर भावोजी आमच्या दारापुढे कठड्याला टेकून फोनमध्ये बघत होते. फोन काळाठिक्कर. चेहरा पांढराफटक.

"भावोजी, फोन बंद आहे."

"मग?"

"मग तुमचा फोन कधी बंद नसतो. किती दिवस चाललंय हे?"

"ताईला सांगू नकोस."

"का?"

"कमी पॉवरचा दिवा समोरच्याला दाखवू नये."

"ताई काय राक्षस आहे? चला, गाडीत बसा."

त्यांना हाताला धरून पायरी-पायरीने खाली आणलं आणि थेट जाब्रियाच्या हॉस्पिटलात नेलं. ताईला मी वाटेतच फोन केला. भावोजी खिडकीबाहेर बघत राहिले. ताई पोहोचेपर्यंत तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठोके फार मंद पडलेत, मध्येच थांबतात. पेसमेकर बसवायलाच हवा, आणि लगेच. भावोजी ताठ झाले. "बाहेरच्या बॅटरीवर मी चालणार नाही." ताई रडायला लागली. रडून तारा जुळत नाहीत, म्हणून मी विचारलं, "तुमच्या अव्वल नंबरच्या वीराच्या पोटात सूर्य असतो का हो? तोही बाहेरचाच ना?"

भावोजी डॉक्टरीणबाईंकडे वळले आणि खरेदी खात्यातल्या माणसासारखी त्यांची उलटतपासणी सुरू केली. बॅटरी किती वर्षं? बदलायची कशी? शेवटी, "संपत आली हे कळतं कसं?"

"तपासणीला आलात की आमच्या मशीनवर दिसतं. बरंच आधी."

"छातीवर दिवा नाही?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नाही म्हणा." त्या म्हणाल्या, "नाही, बाहेर काहीच दिसत नाही."

"शेवटी कुणीतरी नीट डिझाइन केलं," भावोजी म्हणाले, आणि सही केली.

आता लोक सल्ले देतात: पुरे झालं, नाशिकला जाऊन स्वस्थ बसा. भावोजी म्हणतात, "चार्ज आहे अजून." लिफ्ट कधीच दुरुस्त झाली, तरी चढतात जिन्यानेच. ओरडणाऱ्यांनी ओरडावं; डॉक्टरीणबाईंनी हळूहळू चढायची परवानगी दिली आहे आणि ती मी स्वतः विचारून घेतली आहे. आमच्या मजल्यावर ते थांबतात, पण आता फोन काढत नाहीत. बेल वाजवून सरळ सांगतात, "दिवा लागलाय. पाणी दे."

गेल्या शुक्रवारी पडद्यावर तो दिवा लुकलुकला. नेहमीचं भाषण येणार म्हणून मुलं हसायच्या तयारीत बसली. भावोजींनी चित्र थांबवलं आणि ते म्हणाले, "हा शत्रूसाठी नसावाच. खाली उभं राहून बघणाऱ्या माणसांसाठी असेल."

"सो यू वेअर राँग, काका?" माझ्या लेकीने विचारलं.

"वायरिंग चुकीचंच आहे," ते म्हणाले, आणि चित्र पुढे सुरू केलं.

हल्ली जिन्यात पावलं मंदावली की मी गॅस बारीक करते आणि पाण्याचा ग्लास घेऊन दाराशी जाते. बेल वाजायची वाट बघत नाही.