डावा बॅक कुठे आहे?

पेंटरचं म्हणणं अगदी साधं होतं. फुटबॉलच्या मैदानात अकरा जण उतरतात. एक गोलात उभा राहतो, बाकीचे दहा जण जमीन वाटून घेतात. या वाटणीत डावीकडचा मागचा कोपरा कुणाच्या तरी नावावर असायला हवा की नको? हवा. मग आपल्या संघात तो कुणाच्या नावावर आहे? कुणाच्याच नाही. आणि पुढे गोल मारायला किती जण घेऊन ठेवलेत? सहा! त्यातले एका वेळी खेळणार दोन. उरलेले चार बाकावर बसून स्वतःच्या बुटांच्या नाड्या बघत असतात. एक ना धड, भाराभर चिंध्या.

हे तो कुणालाही सांगायचा. पाटी रंगवून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला सांगायचा, शिडी धरून उभ्या असलेल्या वॉचमनला वरून ओरडून सांगायचा. दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असतानाही त्याने सांगायचा प्रयत्न केला होता. डॉक्टरांनी मान डोलावली, तेव्हापासून डॉक्टर मोठा समजूतदार माणूस आहे असं त्याचं मत झालं होतं.

माणूस पाट्या रंगवणारा. सगळ्या गल्लीला तो ‘पेंटर’ म्हणूनच माहीत. दुकानांच्या पाट्या मशीनवर छापून यायला लागल्या तरी त्याच्याकडचं काम आटलं नाही, कारण त्याचं अक्षर लांबून वाचता यायचं. रस्त्याच्या पलीकडून, चालत्या बसमधून, चष्मा घरी विसरलेल्या माणसालासुद्धा. अक्षर काढण्याआधी तो मोकळी जागा मोजायचा. ‘अक्षर कुणीही काढतं, जागा सोडता आली पाहिजे,’ हे त्याचं आवडतं वाक्य. बाविसाव्या वर्षी त्याला मैदानाच्या कठड्यावर जाहिराती रंगवायचं काम मिळालं. रंगवता रंगवता तो संघाचा सराव बघत बसला आणि त्यात जो अडकला तो अडकलाच. त्याला आता एकतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत संघाने एकदाच चषक जिंकला, आणि नेमका त्या दिवशी पेंटर मेहुणीच्या लग्नात पाहुण्यांना खुर्च्या मांडून देत होता. त्या मेहुणीशी तो अजूनही जरा जपूनच बोलतो.

गेल्या वर्षीपर्यंत डाव्या कोपऱ्यात ‘डिंक’ खेळायचा. समोरच्या खेळाडूला चिकटला की सोडायचा नाही, म्हणून स्टँडमधल्या प्रेक्षकांनी त्याला हे नाव दिलं होतं. दिसायला काही खास नाही, गोल तर जन्मात मारला नव्हता. पण तो होता तोवर त्या बाजूला कुणाला बघावंच लागत नसे. उन्हाळ्यात संघाने त्याला दुसरीकडे पाठवलं आणि त्याच्या जागी उजव्या बॅकला उभं केलं. उजवा बूट डाव्या पायात घातल्यावर माणूस जसा चालेल, तसा तो बिचारा खेळायचा. नऊ सामने झाले. सात हरले, दोन बरोबरीत सुटले, आणि संघ यादीच्या अगदी तळाशी जाऊन बसला.

पेंटर चिडायचा, हे खरं. पण चिडण्यापेक्षा तो जास्त बुचकळ्यात पडला होता. हे करतं कोण? प्रशिक्षक म्हणायचे, मला जे दिलेत त्यांनाच खेळवणार ना. अध्यक्ष म्हणायचे, खेळाडू पूर्ण अभ्यास करून निवडलेत. अभ्यास केला कुणी? त्याला मूर्ख म्हणावं, तर इतका मूर्ख माणूस नोकरीवर टिकतो कसा? चोर म्हणावं, तर यात चोरण्यासारखं आहे काय? पेंटर रोज रात्रीच्या जेवणाला या अदृश्य माणसाला ताटाशेजारी बसवायचा आणि त्याची उलटतपासणी घ्यायचा. बायको ऐकायची. लेक खाली मान घालून जेवायची.

लेक संख्याशास्त्र शिकली होती आणि दोन वर्षांपासून ती संघाच्याच कार्यालयात कामाला होती. तिथे ती तिकिटांचं आणि सभासदांच्या ओळखपत्रांचं बघते, अशी पेंटरची समजूत होती. सुरुवातीला ते खरंही होतं.

नववा सामना हरल्यावर सलूनवाल्याच्या दुकानात बैठक बसली. सलूनवाला हा स्टँडचा पुढारी. घोषणा तो सुरू करायचा आणि गप्पही तोच बसवायचा. एका गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून त्याने जाहीर केलं, “रविवारी बॅनर लावायचा. वीस फुटी. ‘संघ निवडणाऱ्याला हाकला’. पेंटर, लिहिणार तू.”

“लिहितो की,” पेंटर म्हणाला. “मैदानाच्या पलीकडून वाचता येईल असं लिहितो. शब्द माझा.”

गुरुवारी संध्याकाळी त्याने पुढच्या खोलीतलं सामान भिंतीला लावलं आणि कापड पसरलं. दोन पट्टे जोडून बायकोने मशीनवर शिवण घालून दिली होती, पण वर काय येणार ते तिने विचारलं नव्हतं. त्याने खडू लावलेली दोरी ताणून रेषा मारल्या, मधलं अक्षर मोजून काढलं आणि दोन्ही बाजूंना खडूने अक्षरं आखली. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. तिने वाचलं आणि कप तिच्या हातातच राहिला.

“अहो, हे कुणाबद्दल आहे?”

“जो खेळाडू निवडतो त्याच्याबद्दल. आणखी कुणाबद्दल?”

“जो नाही. जी.” तिने कप खिडकीत ठेवला. “तुमची लेक निवडते. वर्ष होत आलं त्याला.”

पेंटर हसला. मग बायको हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं.

“तुम्ही रोज जेवताना त्या माणसाचा उद्धार करता,” ती म्हणाली. “त्या वेळी ती घास कसा गिळते, ते बघितलंय का कधी मान वर करून?”

लेक आली ती अर्ध्या तासाने. दार उघडून ती कापडाच्या कडेशी थांबली. तिने चपला काढल्या, डोकं एका बाजूला कलतं केलं आणि बापाच्याच नजरेने अक्षरांकडे बघितलं.

“‘हाकला’ जरा उजवीकडे सरकलंय, बाबा.”

सरकलं होतं खरं. पेंटर गुडघ्यांवर बसल्या बसल्या तिच्याकडे बघत राहिला. “तू?”

“मी.”

“सगळे सहा?”

“चार. दोन आधीचे होते.”

“आणि डिंक?”

“त्यालाही मीच पाठवलं.”

आता विचारायचं तर किती काय होतं! सहा महिने तो ज्या माणसाला शोधत होता, ते माणूस घरातच रोज समोर बसून जेवत होतं. पण त्याच्या तोंडून निघालं भलतंच. “मला सांगितलं का नाहीस?”

“सांगणार होते. पण त्या माणसाचं काय करायला पाहिजे ते तुम्ही रोज सांगत होतात. मध्येच कशी बोलू?”

“ते तुला काढतील?”

“अध्यक्षांवर सगळे चिडलेत. त्यांना कुणाचं तरी नाव पुढे करावंच लागेल.” ती कापडाला वळसा घालून आत निघाली. “तुम्ही पूर्ण करा ते. शब्द दिलाय ना सलूनवाल्या काकांना.”

शुक्रवारी पेंटरने औषधांच्या दुकानाची पाटी रंगवली आणि शेवटचं अक्षर कडेला चेपून बसवलं. एकतीस वर्षांत त्याच्याकडून असं झालं नव्हतं. दुकानदाराच्या ते लक्षातही आलं नाही, पण पेंटरला दिवसभर तेच अक्षर दिसत राहिलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला? बॅनर नाही लिहिला तर शब्द मोडतो. लिहिला तर लेकीची नोकरी आपल्याच ब्रशने पुसतो. आणि तुम्ही म्हणाल, यात गोंधळ कसला, बाप आहे तो, फेकून द्यावं कापड! पण खरी अडचण वेगळीच होती. डिंकाला ज्याने पाठवलं त्याला काढलंच पाहिजे, असं पेंटरला शुक्रवारीही वाटत होतं. निवडणारी आपली लेक निघाली, म्हणून काही डावा कोपरा भरला जात नव्हता. आपण हे असं वाटून घेतो याची त्याला लाज वाटायची, आणि लाज वाटून झाली की पुन्हा तेच वाटायचं.

शनिवारी सकाळी त्याला मार्ग सापडला. निदान त्याला तसं वाटलं. त्याने ओल्या फडक्याने खडू पुसला, पुन्हा दोरी मारली आणि नवीन अक्षरं आखली. ‘डावा बॅक कुठे आहे?’ एवढंच. यात कुणाला हाकला म्हटलेलं नाही, कुणाचं वाईट चिंतलेलं नाही. साधा प्रश्न आहे, आणि आपल्याला खरोखर पडलेला आहे. शब्द कमी झाले, त्यामुळे अक्षरं भरपूर मोठी घेता आली. दोन्ही डगरींवर हात ठेवायची ही युक्ती त्याला इतकी आवडली की रंगवताना तो शीळ घालत होता. लेकीने जाता जाता बघितलं आणि म्हणाली, “छान झालंय.” पेंटरचा जीव भांड्यात पडला.

रविवारी दुपारी सलूनवाल्याने गुंडाळी उलगडली आणि तो खवळला. “‘हाकला’ कुठाय?”

“हाकला तर दर वर्षी म्हणतो आपण,” पेंटर म्हणाला. “कुणी उत्तर दिलंय का कधी? प्रश्न विचार.”

सलूनवाला पुटपुटला, पण सामना सुरू होत होता आणि दुसरं कापड नव्हतं. विसाव्या मिनिटाला समोरच्यांनी डावीकडून येऊन गोल केला. पस्तिसाव्या मिनिटाला पुन्हा डावीकडूनच. मग बॅनर वर गेला. आधी शेजारच्यांनी मोठ्याने वाचला, मग मागच्यांनी, मग सगळ्या स्टँडने टाळ्यांच्या ठेक्यावर धरला. डावा बॅक, कुठे आहे? डावा बॅक, कुठे आहे? पाहुण्या संघाचे लोकही हसत हसत ओरडायला लागले. मैदानावरचा तो बिचारा उजवा बॅक वळून बघायला लागला, आणि तेवढ्यात त्याच्या पाठीमागून तिसरा गोल झाला.

पेंटरच्या हातात बॅनरची एक काठी होती. सगळं मैदान त्याचं अक्षर वाचत होतं आणि तो मात्र वर बघत होता. समोर वरच्या बाजूला काचेची केबिन होती. तिथे माणसं दिसत होती, पण त्यातली लेक कुठली ते काही केल्या कळेना. त्याला अभिमानही वाटत होता आणि भीतीही वाटत होती, आणि कोणतं कशाबद्दल ते सांगता येत नव्हतं. सोमवारच्या पेपरात बॅनरचा फोटो आला, चांगला अर्ध्या पानाचा. गल्लीत लोकांनी पेंटरची पाठ थोपटली. सलूनवाल्याने फोटो कापून आरशाच्या कोपऱ्यात लावला आणि प्रश्न विचारायची कल्पना मुळात आपलीच होती असं सांगायला सुरुवात केली.

मंगळवारी लेक भर दुपारी घरी आली. तिच्या हातात पुठ्ठ्याचं खोकं होतं. त्यात पाणी प्यायची बाटली, दोन फायली आणि कार्यालयातलं छोटंसं घड्याळ.

बायकोने खोकं तिच्या हातातून घेतलं. पेंटर ब्रश धूत होता, तो तसाच उभा राहिला.

“बॅनरमुळे?” त्याने विचारलं.

“हाकला म्हणून लोक ओरडतात तेव्हा अध्यक्ष खिडकी लावून घेतात,” लेक म्हणाली. “त्याची त्यांना सवय आहे. पण काल त्यांनी पेपर बैठकीत आणला, टेबलावर ठेवला आणि विचारलं, ‘अरे खरंच, डावा बॅक कुठे आहे?’ सगळे माझ्याकडे बघायला लागले.”

“मग तू?”

“खरं ते सांगितलं. घेतला नाही म्हणून.” ती खुर्चीत बसली. “प्रश्न बरोबर होता, बाबा. अगदी वरून, काचेतूनसुद्धा स्वच्छ वाचता येत होता.”

तिच्या बोलण्यात टोमणा आहे का, ते पेंटर तिच्या चेहऱ्यावर शोधत होता. त्याला काही सापडलं नाही. ‘चुकलं माझं’ असं त्याला म्हणायचं होतं. ते जिभेवर आलंही होतं. पण सहा महिने आत घुसमटलेलं जे होतं, ते त्याच्या आधी बाहेर पडलं.

“पण मग का नाही घेतलास गं?”

“अहो!” बायको ओरडली.

“असू दे, आई.” लेकीने डोळे चोळले. “मला वाटलं, उजवा दोन्हीकडे खेळेल. आकड्यांत तसं दिसत होतं. सरावातही दोनदा बरा खेळला होता. म्हणून म्हटलं, तिथे कशाला जागा अडवायची, पुढे गोल मारणारा घेऊ.”

एवढंच. चोरी नाही, कुणाशी संगनमत नाही, मूर्खपणाही नाही. एका हुशार पोरीला एकदा असं वाटलं होतं, बस्स. पेंटरला कळेना, की सहा महिने आपण भांडलो ते याच्याशी?

“मला सांगा बाबा,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच कापला. “तुमच्या तरी आलं असतं का लक्षात? आधीच?”

उजव्या बॅकला डावीकडे उभं केल्याची बातमी ज्या दिवशी आली, त्याच दिवशी पेंटरने सांगितलं होतं की हा तिथे खेळणं शक्य नाही. पुढे रोज सांगितलं होतं, ताटावर बसून, बोट आपटून.

“नाही,” तो म्हणाला. “माझ्या नसतं आलं. कुणाच्याच आलं नसतं, बाई.”

बायकोने मान खाली घातली. लेक बापाकडे बघत राहिली. ती सगळी जेवणं ती त्याच्या समोर बसूनच, त्याचं रोजचं ते सांगणं ऐकत जेवली होती.

“हो ना,” ती म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. पेंटर ओल्या हातांनीच तिच्या शेजारी जाऊन बसला.