शनिवारचा शिक्का

मी सगळं लिहून ठेवते. किराणा, औषधं, कुणाचा व्हिसा कधी संपतो, कुणाच्या लग्नात आपण काय दिलं — सगळं. ही एक गोष्ट मात्र आजवर कुठल्याच वहीत उतरलेली नाही. नवऱ्याला सांगितली नाही. मुलीला तर नाहीच. आज तुम्हाला सांगते आहे, तर सरळ सांगायला हवी. पण सरळ येईल का, माहीत नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. कुवेतमधल्या एका भारतीय शाळेच्या ऑफिसात मी कामाला होते. पाच शाळांची मिळून एक क्रीडा समिती होती. माझं काम नीटनेटकं, म्हणून समितीच्या फायलीही माझ्याच कपाटात असत. कुठल्या मुलाला कुठल्या शाळेकडून खेळता येईल, ती यादी मी करायची.

माझी गौरी तेव्हा अकरावीत होती आणि चारशे मीटर पळायची. दोन वर्षं शाळेत पहिली. मी स्वतः कॉलेजात याच शर्यतीत पळायचे — तीन वर्षं दुसरी. कायम दुसरी. हे इथे का सांगते आहे? कारण ते यात आहे.

त्या वर्षी बारावीला नसरीन आली. मूळची रत्नागिरीकडची. वडील गॅरेजात मेकॅनिक. त्यांची नोकरी बदलली, म्हणून बिऱ्हाड जलीबहून सबाह अल-सालेमला आलं आणि मुलगी आमच्या शाळेत. एका शर्यतीला शाळेकडून एकच नाव जायचं. निवड झाली तर भारतातल्या स्पर्धेत पळायचं, आणि तिथल्या प्रमाणपत्रावर मुंबईतल्या कॉलेजात खेळाडूंच्या कोट्यातून प्रवेश. नसरीनच्या घरच्यांचा सगळा हिशेब त्या एका प्रवेशावर होता. मार्कांवर तो मिळणार नव्हता, हे तिची आईच मला सांगायची.

मंगळवारी शाळेत चाचणी झाली. मी खिडकीतून बघत होते. नसरीन गौरीच्या पुढे किती होती सांगू? पोचून, वळून, कमरेवर हात ठेवून गौरीची वाट बघत उभी होती — इतकी. आणि माझी मुलगी हसत हसत गेली आणि तिच्या गळ्यात पडली. घरी मी विषय काढला, तर म्हणाली, "आई, शी इज जस्ट फास्टर. व्हॉट्स द प्रॉब्लेम?"

प्रॉब्लेम तिला नव्हताच. मत्सर तिच्या वाट्याचा होता आणि तिने तो घेतला नाही — मग मीच घेतला. सगळा. त्या मुलीच्या लांब पायांचा, तिच्या न दमण्याचा. गौरी तिच्याबद्दल ज्या कौतुकाने बोलायची, त्याचासुद्धा. माझ्याबद्दल ती तसं कधी बोलली होती का?

नसरीनच्या जुन्या शाळेने हरकत घेतली होती. मुलगी खेळासाठी पळवली, असं त्यांचं म्हणणं. नियम असा, की शाळा बदलली तर एक वर्ष खेळता येत नाही. पण वडिलांच्या नोकरीमुळे घर बदललं असेल तर सूट. पुरावा म्हणून नव्या पत्त्याच्या बताक्याची, म्हणजे वडिलांच्या सिव्हिल आयडीची, प्रत द्यायची. शेवटची तारीख बुधवार. गुरुवार-शुक्रवार सुट्टी.

शमीमभाभी, नसरीनची आई, ती प्रत घेऊन स्वतः आल्या. उन्हातून चालत आलेल्या, अबाया धुळीने भरलेला. मी पोचपावती लिहायला घेतली — खरंच घेतली होती — तर त्या म्हणाल्या, "पावती कशाला, ताई? तुमच्या हातात दिला म्हणजे पोचला."

मी पेन खाली ठेवलं.

त्या दिवशी आणखी तीन कागद आले. त्या तिन्हींवर मी शिक्का मारला. चौथा ड्रॉवरमध्ये ठेवला. शनिवारी सकाळी आल्यावर नेहमीसारखं शिक्क्याचं तारखेचं चाक फिरवलं, आणि मग तो कागद काढला. शिक्का खोटा नव्हता — शनिवारी मारला, शनिवारची तारीख उमटली. या एका वाक्याच्या आधारावर मी किती वर्षं झोपले असेन?

समितीने नसरीनला अपात्र ठरवलं. घरच्यांनी दाद मागितली, तेव्हा आम्हाला सगळ्यांना समोरासमोर बसवलं. शमीमभाभींनी सांगितलं, मी बुधवारी दिला. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाईल त्यांच्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "सर, शिक्का बघा."

एवढंच. खोटं एक अक्षरही बोलले नाही.

शमीमभाभी त्या शिक्क्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे. आणि हळूच म्हणाल्या, "मग माझाच वार चुकला असेल. ताई खोटं नाही सांगणार."

गौरी पळाली. पाचवी आली. पुढच्या वर्षी तिने पळणंच सोडलं — माझ्या सांगण्यावरून नाही, तिला कंटाळा आला म्हणून. बारावी झाल्यावर नसरीन रत्नागिरीला आजोळी गेली. मुंबईचं कॉलेज झालं नाही.

त्यानंतरच्या ईदला शमीमभाभींनी आठवणीने शीरखुर्म्याचा डबा पाठवला. एकदा जमियात, म्हणजे वस्तीतल्या सहकारी दुकानात, भाजीच्या रांगेत भेटल्या. नसरीन फोनवर धड बोलत नाही म्हणाल्या. तुझ्यामुळे माझं कॉलेज गेलं, अम्मी, असं म्हणते. "बरोबरच आहे तिचं. एवढा एक वार ध्यानात ठेवता येऊ नये मला?" मग हसल्या. "ताई, मलापण तुमच्यासारखं लिहून ठेवायला शिकवा."

आणि मी काय केलं? पुढच्या आठवड्यात त्यांना एक डायरी नेऊन दिली. चांगली, जाड पुठ्ठ्याची. प्रत्येक पानावर वार छापलेला होता.

त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

शमीमभाभी बुधवारी आल्या होत्या. बाराला दहा मिनिटं कमी होती. मी घड्याळ बघितलं होतं.