जीपच्या पोटाखालून

पिक्चरमध्ये मी आहे, पण माझं तोंड नाही. मुंबईचा एक बालकलाकार चाकांच्या बुटांवर पळतो, समोरून माणसांनी भरलेली जीप आडवी येते आणि तो तिच्या पोटाखालून सूंकन् निघून जातो. तो जो निघून जातो, ती मी. "बाप्पा! मग काय, नाव निघालं असेल तुमचं!" असं कोणी म्हटलं की मी चहा टाकायला उठते. नाव कशाचं डोंबलाचं निघतं!

माझे बाबा पांढुर्ण्याला रेल्वेच्या मालधक्क्यावर बाबू होते. नागपूरला कुठल्याशा कार्यक्रमात त्यांनी एका पोरीला चाकांवर नाचताना पाहिलं आणि घरी आले ते झपाटूनच. संत्र्याचा हंगाम सरला की धक्क्याची सिमेंटची फरशी रिकामी पडायची. तिथं त्यांनी माझ्या पायात लोखंडी चाकांचे स्केट बांधले. स्वतःला त्यावर धड उभं राहता येत नव्हतं, पण ओरडता फार छान यायचं. "वाक! अजून वाक! नाक जमिनीले लागलं पाहिजे!"

दोन्ही पाय दोन बाजूंना पार फाकवायचे, अंग पुढं झोकायचं, हनुवटी जमिनीच्या वर जेमतेम बोटभर, आणि उभ्या जीपच्या दोन चाकांच्या मधून या बाजूनं आत, त्या बाजूनं बाहेर. हा माझा खेळ. जयंतीच्या मिरवणुकीत निळ्या झेंड्यांच्या मधोमध मी तो केला तेव्हा अख्खं पांढुर्णा टाळ्या वाजवत होतं. मग शाळांचे कार्यक्रम, सौंसरचं गणपती मंडळ, जिथं तिथं मी.

आणि मला भीती वाटायची. थोडीथोडकी नाही. जीपच्या खाली अंधार असतो, तेलाचा वास असतो आणि डोक्यावर सायलेन्सरची तापलेली नळी असते. आत शिरताना मला दर वेळी वाटायचं, आज ही गाडी माझ्यावर बसणार. बाहेर आले की मी हसायची. ते हसू सुटकेचं होतं, लोकांना वाटायचं पोरगी किती धीट!

त्यात मी वाढायला लागले. पोरीच्या जातीला वाढण्याचीही चोरी! एका कार्यक्रमात नळीनं माझी पाठ खरवडली. मी मुकाट्यानं फ्रॉक ओढून घेतला, पण डोकं धुऊन देताना मायनं पाहिलंच. ती तशीच ओल्या हातानं बाबांपुढं उभी राहिली. "अजी, पोरगी मोठी झाली आता. बंद करा हे."

"एवढं नाव कमावून राहिली अन् तू बंद करा म्हणतेस?" बाबा म्हणाले.

"नाव तिचं का तुमचं?"

बाबांनी पेपर उघडून तोंडापुढं धरला.

अशात पिक्चरवाले आले. सौंसरजवळ, बोरगावच्या बाजूला, संत्र्याच्या बागांमधून जाणाऱ्या सडकेवर त्यांचं शूटिंग चालू होतं. त्यांच्या पोराला स्केटिंग येत नव्हतं, डुप्लिकेट पाहिजे होता. कोणीतरी माझं नाव सांगितलं. बाबांनी सुट्टी टाकली, नवी शर्ट-पँट घातली आणि मला घेऊन सौंसरची बस पकडली. माझी धाकटी बहीण, जेमतेम सहा वर्षांची, रडून रडून सोबत आली. तिनंही स्केट घेतले होते. ती तोवर फक्त घरातल्या खाटेखालून गेली होती.

त्यांनी मला त्या पोराचा लाल शर्ट घातला, माझ्या वेण्या वर बांधून त्यावर कुरळ्या केसांचा टोप बसवला. जीप बैलगाडीच्या चालीनं चालणार आणि मी तिच्याखालून पार व्हायचं. चालती जीप! हे आम्हाला तिथं गेल्यावर कळलं. बाबा डायरेक्टरला "होईल साहेब" म्हणाले. रिकाम्या जीपवर तालीम झाली. मी गेले. नळी टोपाला हलकीच घासली, पण गेले.

मग खऱ्या वेळेला माणसं चढली. आत, मागं, बॉनेटवर, लग्नाला निघाल्यासारखी. आणि माझ्या डोळ्यांसमोर जीप खाली बसली. धक्क्यावर सिमेंटची पोती चढली की वॅगन स्प्रिंगच्या कमानीवर कशी बसते, ते मी लहानपणापासून पाहिलेलं. मी बाबांचा हात घट्ट धरला. "बाबा, गाडी बसली. मी नाही मावत."

बाबांनी वाकून पाहिलं. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, त्यांची नोकरीच ती. बराच वेळ ते वाकलेलेच राहिले. मला वाटलं, सुटले बाई! आता ते नाही म्हणतील आणि आम्ही घरी जाऊ.

ते उठले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग धाकटीकडे. म्हणाले, "साहेब, ही लहान आहे. ही मावते."

मला आजवर जेवढी भीती वाटली ती सगळी एका पारड्यात टाका आणि ते वाक्य दुसऱ्या पारड्यात. लाल शर्ट माझ्या अंगातून निघून तिच्या अंगात गेला, तिच्या गुडघ्यांपर्यंत आला. टोप तिच्या डोळ्यांवर उतरला. ती हसत होती, टाळ्या पिटत होती. "ताई, पाह्य ना, मी पिक्चरमध्ये चालली!" बाबा खाली बसून तिचे पट्टे आवळत होते, सोडत होते, पुन्हा आवळत होते. जिवाला एवढं कळून राहिलं होतं, तर तोंडातून 'नाही' काऊन निघत नव्हतं?

मी तिच्या अंगातला शर्ट ओढला. ती माझ्या हाताला कडकडून चावली. मी सोडला नाही. "मीच जाते," मी ओरडले, "मावते मी, मावते!" शर्ट आणि टोप परत माझ्या अंगावर आले. उन्ह उतरत होतं, पिक्चरवाल्यांना घाई होती.

मी गेले. छातीतला सगळा श्वास सोडून गेले, श्वास घेतला तर पाठ वर येईल म्हणून. नळीनं शर्ट फाडला, पाठ भाजली, डोकं मागं ओढलं गेलं आणि सुटलं. मी पलीकडच्या धुळीत कोसळले. टोप वर कुठंतरी अडकून राहिला होता.

बाबा अलीकडच्या बाजूला होते. त्यांना मी दिसले नाही. त्यांना दिसली पुढं सरकणारी जीप आणि तिच्या पोटाला लोंबणारे केस. जीप सरकली आणि मी समोर दिसले, तेव्हा ते सडकेवर फतकल मारून बसले होते, तोंड उघडं. नवी पँट ओली झाली होती.

"एक और लेंगे," साहेब म्हणाले.

बाबा रांगत माझ्याजवळ आले. माझं डोकं दोन्ही हातांनी चाचपत राहिले, पुन्हा पुन्हा. मग म्हणाले, "नाही." साहेब काहीबाही बोलत होते, बाबा नुसते "नाही, नाही" म्हणत होते. शेवटी त्यांनी टोप अडकला तेवढं कापून तोच शॉट ठेवला. त्या दिवसानंतर आमच्या घरात कोणी चाकांवर उभं राहिलं नाही.

धाकटीला त्या दिवसातलं एवढंच आठवतं, की मी तिच्या अंगातला शर्ट ओढून काढला. लग्नाकार्यात पाहुण्यांपुढं ती हसत हसत सांगते, "ताईनं माझा पिक्चर खाल्ला." मी आता गोष्टी लिहिते, ती त्या वाचत नाही, तिला म्हणे सगळं ठाऊक आहे. बाबा वारले तेव्हा आम्ही दोघी त्यांच्या उशाशी बसलो होतो. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. माझा हात हातात घेऊन ती म्हणाली, "ताई, खरं सांग, त्या दिवशी बाबांनी मलेच निवडलं होतं ना?"

मी म्हटलं, "हाव. तुलेच निवडलं होतं."