सदर घोडी टपाला स्पर्श करीत नाही

“उद्या टप दबला, तर ड्रायव्हरचं डोकं तुम्ही भरून देणार का?”

इन्स्पेक्टरसाहेबांनी एवढेच विचारले आणि महादेवशेठची पिकअप पाइपांसकट वाहन कार्यालयाच्या आवारात उभी करून ठेवली. शेठ तडक फाटकाबाहेर माझ्या अर्ज लिहिण्याच्या टेबलाशी आले. नव्वदच्या त्या दशकात नव्या मुंबईत ज्याचे काम अडे, तो प्रथम माझ्याकडे येई. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले; तथापि माझा अर्ज हाती पडला की साहेब मंडळी खुर्चीत सरळ बसत, हे मी अनेकदा पाहिले आहे.

महादेवशेठ शिरवण्याचे. नव्या शहरासाठी जमीन गेल्यावर त्यांनी मांडवाचा धंदा धरला होता. मांडवाचे पाइप गाडीच्या हौद्याहून लांब असतात. मागे लोंबते ठेवावेत, तर वळणावर कोणाला तरी लागणार. म्हणून शेठनी तुर्भ्याच्या एका फॅब्रिकेटरकडून ‘घोडी’ बसवून घेतली होती. घोडी म्हणजे लोखंडी अँगलची चौकट. तिचे पाय हौद्यात बोल्टने आवळलेले आणि वरचे हात केबिनच्या छपरावर, म्हणजे टपावर, पुढे आलेले. पाइप त्या हातांवर विसावतात.

“गारी आजच सोरवा, भाऊसाहेब. परवा रबाल्याला लगीन हाय. मांडव नाय उभा राहिला तर वऱ्हाड उनात बसंल. मंग मना पुन्ना कोन बोलवील?”

“साहेबांना तुम्ही काय सांगितलेत?”

“टपाचं कॅरियर हाय म्हनून.”

“तिथेच घात झाला. वजन कशावर येते?”

“हौद्याव.”

“मग टपाचे कशाला म्हणता?”

“सगलेच बोलतान.”

मी विचारात पडलो. नाव एक सांगत होते आणि वस्तू दुसरेच काम करीत होती. साहेबांनी नावावरून निर्णय दिला, त्यात त्यांचे काय चुकले? मी स्वतः आवारात जाऊन खालूनच मान वर करून पाहिले. टप आणि घोडी यांच्या फटीतून पलीकडचे आकाश दिसत होते. परत येऊन मी अर्ज लिहिला आणि त्यात ‘कॅरियर’ हा शब्द येऊच दिला नाही. ‘सदर घोडी वाहनाच्या टपाला स्पर्श करीत नाही, मालाचा संपूर्ण भार हौद्यावर येतो.’ शेठना वाक्य मोठ्याने वाचून दाखवले.

“कोर्टावानी वाटतंय,” शेठ म्हणाले.

साहेबांनी अर्ज वाचला. या वेळी ते सरळ बसले नाहीत, उठलेच. “लिहिलंय ना? चला, बघू या.” हौद्यात चढून त्यांनी तोच अर्ज टप आणि घोडी यांच्यामधून सरकवला. कागद मध्यावर जाऊन अडला.

“हा स्पर्श नाही, तर काय आहे?” त्यांनी मलाच विचारले.

मी वर चढलो. मध्यभागी जुन्या टायरचा तुकडा कोंबलेला होता. खालून तो दिसत नव्हता.

“घोरी वाजत होती, साएब,” शेठ हळूच म्हणाले. “मीच घातला.”

“म्हणजे भार रबरावरून टपावर. डोकं ड्रायव्हरचंच.”

वाक्यात ‘रबराचा तुकडा वगळता’ एवढे घातले असते, तर ते खरे झाले असते. परंतु त्या तुकड्याखाली कोणी तरी बसून गाडी चालवणार होते.

“शेठ, अर्ज बदलणार नाही. रबर काढा.”

“मंग वाजंल ना!”

“वाजू दे.”

शेठनी टॉमीने उचकटून तुकडा काढला. घोडीवर पाइप होतेच. साहेबांनी कागद पुन्हा सरकवला. तो या कडेपासून त्या कडेपर्यंत सहज गेला. त्याच चुरगळलेल्या अर्जावर त्यांनी सही केली. रबाळ्याचा मांडव वेळेवर उभा राहिला.

तेव्हापासून कोणत्याही वस्तूचे वर्णन लिहिण्यापूर्वी मी खालून पाहण्यावर समाधान मानीत नाही. वर चढतो.

शेठ मात्र भेटले की तक्रार करीत, “तुमचं वाक्य लय वाजतं, भाऊसाहेब!” ते खरेच होते. गाडी रिकामी असली की घोडी खडखडत माझ्या टेबलासमोरून जाई. पाइपांखाली मात्र ती गप्प बसे. लग्नसराईत शेठची गाडी कधी गेली, ते मला कळतही नसे.