भीती लागत नाही

पीएच.डी. करणाऱ्यांच्या टोळक्यात बसलात की किस्से संपत नाहीत. कारण साधं आहे. घडताना त्यातल्या एकाही गोष्टीवर कुणी हसलेलं नसतं. तेव्हा हसायचं काम पुढे ढकललेलं असतं. मग ते साचत जातं.

आमचं टोळकं दिल्लीतल्या एका विद्यापीठाच्या भाषाशास्त्र विभागातलं. मी, पानिपतचा संदीप आणि आमचे सीनियर मिश्राजी. तिघांनाही गाइड एकच, बंगाली मॅडम. आमचा विषय सांगितला की लोक हमखास विचारतात, "अरे वा, म्हणजे किती भाषा येतात?" खरं उत्तर असं, की आहे ती एक भाषा तरी धड येते का, याचीच आम्हाला धास्ती असते.

* * *

कोर्सवर्कमध्ये आम्ही सगळ्यात आधी शिकलो तो स्टार. जे वाक्य ती भाषा बोलणारा माणूस कधीच बोलणार नाही, त्याच्या आधी छोटासा स्टार टाकायचा. 'मी आंबा खाल्ला' ठीक. 'मी आंबा खाल्ली' म्हटलं की स्टार. म्हणजे जगात सगळीकडे स्टार ही शाबासकी, आणि आमच्याकडे ती चूक. (या लेखात मधेमधे येणारे स्टार मात्र नुसते श्वास घ्यायला आहेत.)

संदीपचा विषय हरियाणवी. पहिला टर्म पेपर घेऊन तो पानिपतला घरी गेला. त्याच्या वडिलांचं चादरींचं दुकान आहे. पेपरच्या दुसऱ्या पानावर एकाखाली एक अशी चुकीची वाक्यं आणि प्रत्येकापुढे स्टार. त्याच्या आईने ते पान पाहिलं आणि पदराने डोळे पुसले. संध्याकाळपर्यंत गल्लीत लाडू वाटून झाले होते.

"सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

"कसं सांगू यार? पापांनी ते पान लॅमिनेट करून गल्ल्यामागे लावलंय. गिऱ्हाइकांना सांगतात, इतने स्टार तो होटल के भी ना होते."

त्यानंतर संदीप घरी जायचा तो जीव मुठीत धरून. एखादं गिऱ्हाईक भाषाशास्त्रातलं निघालं तर, या विचाराने त्याला दुकानात बसवत नसे.

* * *

मग कॉम्प्रिहेन्सिव्ह. ही तोंडी परीक्षा पास झाल्याशिवाय प्रबंध लिहायला बसता येत नाही. फळ्यावर वाक्याचं झाड काढायचं, म्हणजे कुठला शब्द कुठल्या फांदीला लटकलाय ते दाखवायचं. आणि आमच्या थिअरीत शब्द गप्प बसत नाहीत, खालच्या फांदीवरून उठून वरच्या फांदीवर जातात. त्याला म्हणतात मूव्ह.

संदीपची पाळी आली. समोर मॅडम आणि आणखी दोन प्राध्यापक. त्याने काढलेल्या फांद्या वाऱ्यात हलल्यासारख्या दिसत होत्या. झाड कसंबसं पुरं झालं. मॅडमनी निरखून पाहिलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "ठीक है. अब मूव्ह करो."

संदीपने खडू ठेवला, बॅग उचलली आणि तो गेला!

आम्ही बाहेर उभे होतो, आतलं हे सगळं नंतर कळलं. आम्हाला वाटलं नापास झाला. त्यालाही तेच वाटलं. मेट्रो स्टेशनवर जाऊन त्याला परत आणावं लागलं. मॅडम तोवर चहा पीत शांत बसल्या होत्या. तो आत आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "तुमको नहीं, शब्द को."

* * *

मिश्राजी कधीपासून पीएच.डी. करत होते ते विचारायची आमच्यात पद्धत नव्हती. गेटवरचे गार्ड त्यांना सर म्हणून सलाम करायचे. नवीन पोरं त्यांना प्राध्यापक समजून फॉर्मवर सही मागायला यायची, आणि आता तेही नाही म्हणायचं सोडून सही करू लागले होते.

त्यांचा दोष काहीच नव्हता. त्यांनी एका थिअरीवर प्रबंध सुरू केला. चौथ्या प्रकरणाला पोचेपर्यंत परदेशात कुणीतरी ती थिअरीच बदलली. मिश्राजींनी मुकाट्याने पुन्हा पहिल्या प्रकरणापासून सुरुवात केली. नव्या थिअरीत ते तिसऱ्या प्रकरणाला पोचले तेव्हा तिचीही सुधारित आवृत्ती आली. मुदतवाढ मागून मागून झाल्यावर विद्यापीठाने त्यांना शेवटचं वर्ष दिलं होतं.

एकदा कँटीनमध्ये मी धीर करून विचारलं, "मिश्राजी, डर नहीं लगता?"

त्यांनी समोसा मोडला, त्यातला बटाटा नीट पाहिला आणि म्हणाले, "पहले लगता था. अब आदत लग गई है."

त्या दिवसापासून मला परीक्षेपेक्षा त्या सवयीची जास्त भीती वाटू लागली. माझीही मुदत संपत आली होती.

* * *

माझा विषय मराठी. भावना सांगताना आपण कुठलं क्रियापद वापरतो, एवढाच. भूक लागते, तहान लागते, झोप येते, थंडी वाजते, भीती वाटते. असं का? भीती का वाजत नाही? घरच्यांना हे सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "याचे विद्यापीठ पैसे देतं?" बाबा दिल्लीतल्या एका केंद्रीय मंत्रालयातून रिटायर झालेले. बिनकामाच्या कामाबद्दल त्यांना मनापासून आदर आहे.

अडचण एकच होती, ती म्हणजे मी. मी दिल्लीतल्या मयूर विहारमध्ये वाढलेली. घरात मराठी, जिना उतरला की हिंदी. कुठलं वाक्य बरोबर आणि कुठलं स्टारवालं, हे ठरवायला पक्का कान लागतो. मॅडमनी पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं, "तुम्हारा कान दिल्ली का है. माँ से पूछो."

आई साताऱ्याची. लग्न होऊन दिल्लीत आली ती आपली मराठी लोणच्याच्या बरणीसारखी झाकून घेऊन. मी लहानपणी हिंदीच्या वळणाने 'मला भीती लागते' म्हणायचे. दिवाळीत खाली सुतळी बॉम्ब वाजले की मी किंचाळत स्वयंपाकघरात पळायचे, "आई, भीती लागते!" आई हात पुसत म्हणायची, "लागते नाही, वाटते. नीट म्हण, मग घेते." मी रडत रडत 'वाटते' म्हणायचे आणि मगच मला कुशीत जागा मिळायची. आधी क्रियापद, मग माया.

तर अशी ही माझी तज्ज्ञ. तिला घेऊन बसणं मात्र सोपं नव्हतं. ती वाक्य तपासायची नाही, त्यावर उपाय करायची.

"आई, 'मला थंडी लागते' असं म्हणतात?"

"स्वेटर घाल."

"'मला राग लागला'?"

"कुणाचा? मॅडम काही बोलल्या का?"

"अगं, नुसतं वाक्य आहे. बरं, 'मला भीती लागते'?"

आईने भाजी परतायची थांबवली. "असं मराठीत कुणी म्हणत नाही. कुणीही नाही. आणि छापू नकोस हो हे, लोक म्हणतील आईने काही शिकवलं नाही."

मी छापलं, पण पुढे स्टार लावून.

* * *

प्रबंध जमा करण्याआधी सगळ्यांसमोर एक सेमिनार द्यावा लागतो. माझा मुद्दा असा होता की शरीराला जे हवं असतं ते 'लागतं', आणि मनात जे येतं ते 'वाटतं'. म्हणून भूक लागते आणि भीती वाटते. स्लाइड सुंदर झाली होती. मागच्या रांगेतून एका मराठी मुलीने हात वर केला.

"मॅम, आणि काळजी? काळजी तर लागते ना?"

मला जागच्या जागी काळजी लागली.

घरी येऊन महिनाभर या मुद्द्याचं तिसरं प्रकरण पुन्हा लिहिलं. नवा मुद्दा असा, की जे चिकटून राहतं ते लागतं. काळजी चिकटते, म्हणून लागते. भीती येते आणि जाते, म्हणून ती फक्त वाटते. आता सगळं प्रकरण त्या एका स्टारवर उभं होतं. 'मला भीती लागते' असं एक जरी अस्सल मराठी माणूस बोलला, तरी खेळ खलास.

संदीप म्हणाला, "तू सहा वर्षं रोज घाबरतेयस. तुझी कुठे जाते?"

मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

* * *

शेवटची पायरी व्हायवा, म्हणजे प्रबंधावरची तोंडी परीक्षा. बाहेरचे परीक्षक पुण्याहून येणार असं कळलं आणि माझं जेवण सुटलं. नाव ऐकताच मिश्राजींनी फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. या सरांनी एका वाक्यासाठी अख्खा प्रबंध परत पाठवल्याची कथा विभागात फिरत होती. माझा परत आला असता तर दुरुस्तीला मुदतच उरली नव्हती. मग मी आणि मिश्राजी, रोज, समोसा.

व्हायवाला कुणीही येऊन बसू शकतं. आई आली. नारायणपेठ साडी, हातात रव्याच्या लाडवांचा डबा. ती सगळ्यात मागे दाराजवळ बसली, लागलीच उठता यावं अशी. तिच्या शेजारी संदीप.

परीक्षक लहानखुरे, पांढरे केस, आवाज अगदी मऊ. मऊ आवाजाने मी जास्तच घाबरले. त्यांनी सावकाश पानं उलटली आणि नेमकं तिसऱ्या प्रकरणावर बोट ठेवलं.

"हा स्टार. याची खात्री काय?"

"माझी आई, सर. ती साताऱ्याची आहे."

"दिल्लीत किती वर्षं?"

"लग्नापासून, सर."

"आणि त्यांच्या मराठीवर हिंदीचा काही परिणाम?"

"बिल्कुल नाही, सर."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मॅडम पेनचं टोपण काढत होत्या आणि लावत होत्या.

"तुमचं सगळं प्रकरण या एका स्टारवर आहे, हे लक्षात आहे ना?"

"हो सर."

"आणि तुमच्या मते हे वाक्य मराठी माणूस कधीही बोलणार नाही."

"कधीही नाही, सर."

सरांनी प्रबंध मिटला. मग त्यांची नजर मागे गेली. डबा छातीशी धरलेली साडीतली बाई त्या खोलीत दुसरी कोण असणार! ते उठून उभे राहिले, हात जोडले आणि शुद्ध पुणेरी मराठीत म्हणाले, "आपण यांच्या मातोश्री ना? एवढ्या मागे का बसलात? पुढे या, इथे पंख्याखाली बसा."

सगळी खोली मागे वळली. आईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नको सर," ती म्हणाली. "इथेच बरं आहे. पुढे यायला मला भीती लागते."

मॅडमना मराठी येत नाही, पण त्यांच्या हातातलं टोपण खाली पडलं. संदीपने डोळे मिटून घेतले. आईला काहीच कळलं नव्हतं. ती सगळ्यांकडे बघून ओशाळवाणी हसत होती, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा उठून तिला कुशीत घ्यावंसं वाटलं.

सर खाली बसले. त्यांनी माझा प्रबंध स्वतःकडे ओढला, त्या स्टारचं पान उघडलं, त्यावर हाताने इस्त्री केल्यासारखं केलं आणि मॅडमकडे वळून विचारलं,

"व्हाइटनर है क्या आपके पास?"