पिवळ्या फडक्यातला भोपळा

तुम्ही हसणार, हे मला ठाऊक आहे. खुशाल हसा. आमच्या घरी चैत्रापासून हसताहेत, त्यात तुमची भर! पण आधी एवढं कबूल करा, की सोलापूरच्या स्टेशनात भल्याभल्यांचं डोकं फिरतं. मग माझी काय कथा? नवरा आणि आठ महिन्यांचं मूल, दोन्ही मी एकाच दुपारी तिथे हरवून बसले!

म्हणजे, हरवले असं मी सगळ्या स्टेशनाला सांगितलं. आता ऐकाच.

बाळाचं जावळ काढायला आम्ही दोघं तुळजापूरला निघालो होतो. माढ्याहून सोलापूरपर्यंत आगगाडी, पुढे स्टेशनाबाहेरून सर्व्हिस मोटार. निघताना सासूबाईंनी दारात बजावलं, "सोलापूरचं स्टेशन म्हणजे जत्रा. पोराला क्षणभर नजरेआड केलंस तर बघ!"

झालं! माझा स्वभाव आधीच असा, की बाळ शिंकलं तर सुंठ उगाळायला धावावं आणि शिंकलं नाही तर का शिंकलं नाही म्हणून झोप उडावी. त्यात हे बजावणं.

पण स्टेशन मात्र काय हो सांगू! आगगाडी थांबली की माणसांचं नुसतं पीठ पडावं तशी गर्दी खाली पडते, आणि बाहेरच्या पटांगणात येईतो चाळणीनं चाळल्यासारखी ज्याची त्याच्या वाहनात जाऊन बसते. एका अंगाला टांगे, एका अंगाला मोटारी. प्रत्येक मोटारीच्या पायरीवर एक क्लीनर उभा. "अक्कलकोट! अक्कलकोट!" "तुळजापूर, चला तुळजापूर!" ना कुणाची भांडणं, ना चुकामूक. मी तोंडावर पदर धरून बघतच राहिले. आमच्या घरात पाच माणसांची पानं वाढायची तरी एवढा नेटका कारभार नसतो!

मोटारीत ड्रायव्हरच्या मागचा बाक बायकांचा, मागचे पुरुषांचे. मी पुढे बसले. उन्हानं आणि पेट्रोलच्या वासानं बाळानं असा टाहो फोडला, की घोडेसुद्धा कान टवकारायला लागले. तेव्हा हे म्हणाले, "आण इकडे. इंजिन दाखवून आणतो."

मी चाट! अहो, घरात मामंजींसमोर यांनी आजवर बाळाला बोटसुद्धा लावलेलं नाही. वडील माणसांसमोर आपलं मूल घ्यायचं म्हणजे केवढी लाज! रडून रडून निळं पडलं तरी हे आपले पंचांग वाचणार. आणि इथे भर पटांगणात हात पुढे केले, पिवळ्या कुंचीतल्या बाळाला खांद्यावर टाकलं आणि निघाले. मला इतकं कौतुक वाटलं म्हणता! डोळे भरून आले. आणि त्याच कौतुकानं घात केला. कसा, ते कळेलच.

बाळ दिसेनासं झालं आणि माझ्या कानात सासूबाई बोलायला लागल्या. मी मान उंच करून स्टेशनाच्या दाराकडे डोळे लावून बसले. शेजारी एक घोंगडीवाली म्हातारी येऊन बसली, तिच्याकडेही पाहिलं नाही; मागे तर एकदाही वळून बघितलं नाही. ही माझी हुशारी!

एवढ्यात क्लीनर ओरडला, "समदी बसली! चला!" आणि मोटार हलली.

मी ताडकन उठले. "अहो, थांबवा, थांबवा!" पण इंजिनाच्या घरघरीत माझा आवाज मलाच ऐकू येईना. आणि त्याच क्षणी मला दिसले हो हे! काळी टोपी, लांब कोट, खांद्यावर आमची पिवळी कुंची, पाठमोरे स्टेशनात शिरताहेत!

मोटार फाटकाशी जरा मंदावली. मी देवीचं नाव घेतलं आणि मारली उडी! नऊवारीचा काष्टा सावरत अशी धावले, की टांगेवाल्यांनी वाट दिली. दारावरचा तिकीट कलेक्टर "बाई, तिकीट!" म्हणेतो मी प्लॅटफॉर्मवर. गाठलं त्यांना. मागूनच हात घातला आणि कुंचीसकट बाळाला ओढलं.

हातात आला भोपळा.

हो, भोपळा! चांगला पाच शेरांचा, पिवळ्या फडक्यात बांधलेला. सातवीच्या परीक्षेत नाही मिळाला, तो असा प्लॅटफॉर्मवर मिळाला. गृहस्थ वळले. ह्या एवढ्या पांढऱ्या मिशा! म्हणाले, "बाई, घेऊन जा हवा तर, पण ओढता कशाला?"

आता तुम्ही विचाराल, स्वतःचा नवरा ओळखता येत नाही? कसा येणार? यांना मूल खांद्यावर घेऊन चालताना मी पाठमोरं त्याच दुपारी पहिल्यांदा पाहिलं, तेही कौतुकानं पाणावलेल्या डोळ्यांनी!

मी मटकन खाली बसले आणि भोपळा मांडीवर घेऊन रडायला लागले. एक म्हातारा हमाल डोक्यावरची ट्रंक खाली ठेवून धावला. "रोओ नक्को अम्मा, मिलते मिलते." पाणीवाल्यानं पाणी दिलं. स्टेशनमास्तर स्वतः बाहेर आले, वही काढली आणि मायेनं विचारलं, "यजमानांचं नाव काय?"

नाव! भर प्लॅटफॉर्मवर नवऱ्याचं नाव घेऊ? पण सातवी शिकलेल्या बाईला अडत नाही. घ्यायची बंदी आहे, लिहायची थोडीच? मास्तरांची पेन्सिल घेतली आणि ठसठशीत लिहून दिलं. तो हमाल ते नाव गर्जत इकडून तिकडे निघाला.

आता ते नाव मी इथेही लिहीत नाही. पण आमच्या या मुलखात विठोबाची जी म्हणून नावं आहेत, त्यांतलं एक. पुढचं ओळखा!

त्या नावाचे चौघे आले. शिवाय हाती लागेल तो मूलवाला बाप टांगेवाल्यांनी आणून उभा केला. मी रडतेय आणि समोर बापांची ही रांग! एकाच्या कडेवर जुळी. एक विणकर बिचारा तेलुगूशिवाय काही बोलेना, तो आपलं पोर छातीशी घट्ट धरून माझ्याकडे संशयानं बघतोय. मास्तर एकेकाला पुढे करून विचारताहेत, "बाई, हे?" "नव्हे." "मग हे?" "नव्हे हो!" तेवढ्यात एक ठसकेबाज बाई गर्दी फोडत आली. "माजा दादला कुनी धरून आनला? कोन ती? बगू तरी!"

तरी कुणी वैतागलं नाही हो. स्वतःची गाडी सोडून माणसं माझं बाळ शोधत होती. भोपळ्याचे मालकसुद्धा. त्यांचा भोपळा अजून माझ्याच मांडीवर होता, आणि त्यांनी तो मागितला नाही.

"तुळजापूरची मोटार गेली, आता मी काय करू!" मी हंबरडा फोडला.

"गेली?" मास्तर थबकले. "बाई, ती गावात फेरा मारायला गेली. उतारू गोळा करते आणि मेलची माणसं घ्यायला परत इथेच येते. रोजचंच आहे."

तोंडातून शब्द निघेतो बाहेर भोंगा वाजला. आम्ही सगळे, म्हणजे मास्तर, हमाल, बापांची रांग, मी आणि भोपळा, पटांगणात आलो. मोटार उभी. आणि तिच्या मागच्या बाकावर, हो, पुरुषांच्या बाकावर, हे! खांद्यावर पिवळी कुंची. बाळ गाढ झोपलेलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भोपळ्याकडे. "अगं, तू खाली कशाला उतरलीस?"

म्हणजे इंजिन दाखवून, पोराला झोपवून, स्टेशनाच्या पलीकडच्या दारानं बाहेर येऊन, हे मोटार हलायच्या आधीच मागच्या दारानं चढून बसले होते! चारचौघांत बायकोला हाक कशी मारायची म्हणून बोलले नाहीत. सारा गाव फिरून आले, आणि पुढच्या बाकावर बायको आहे की नाही याचा पत्ता नाही!

माझ्या शेजारची घोंगडीवाली म्हातारी म्हणाली, "मला वाटलं, ही कुनाला पोचवाया आली आसंल. घाईची दिसतीया म्हनून उडी टाकली."

मास्तरांनी गंभीरपणे वही उघडली. "म्हणजे यजमान हरवले नव्हते, मूल हरवलं नव्हतं. बाई, आता इथे कुणाचं नाव घालू?"

पटांगण हसलं. तो विणकरसुद्धा हसला, त्याला काय कळलं देव जाणे. मी भोपळा परत केला, मालकांनी आशीर्वाद दिला, आणि मी मान खाली घालून मोटारीत चढले.

बाळासाठी मागे हात केले, तर म्हातारीनं माझा हात खाली दाबला. माझ्या पदराला आपल्या पदराची करकचून गाठ मारली आणि सगळ्या मोटारीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "ऱ्हाऊ दे पोर त्येच्यापाशी. त्येच्याकडनं काय हरवत न्हाय. तुला मी सांभाळती की!"

तुळजापूर येईपर्यंत तिनं ती गाठ सोडली नाही.