भिंगरी आणि एकेचाळीस चुका

घरात तिला भिंगरी म्हणत, कारण जेवायला बसली तरी तिचा एक डोळा दाराकडे असे. तिच्या कॉलेजात संख्याशास्त्राचं पुस्तक भलतंच महाग, ग्रंथालयात प्रत एकच, तीही दोन तासांपुरती मिळे. भिंगरीनं चाचणीच्या अभ्यासासाठी त्या प्रतीला नाव नोंदवलं आणि तिचा नंबर लागला चाचणीच्या दुसऱ्या दिवशी. ती नापास झाली आणि जाम पेटली.

मग तिला इंटरनेटवर सापडलं संख्याशास्त्राचंच एक खुलं पुस्तक. कुणीही फुकट घ्यावं, छापावं, हवी तशी दुरुस्ती करून आपल्या वर्गापुरती प्रत बनवावी. झालं! कॅन्टीन, जिना, बसथांबा, माणूस दिसला की ‘कॉलेजात हेच पुस्तक लावा’ या अर्जावर भिंगरी सही मागायला हजर. पहारेकरीसुद्धा सुटला नाही.

"अगं, मी कुठे शिकतोय?"

"मग शिका ना काका, पुस्तक फुकट आहे!"

सहाशे सह्या झाल्या. आई म्हणाली, "एवढी अभ्यासासाठी पळाली असतीस तर?"

"कशातून करू अभ्यास, तुझ्या रेसिपीच्या वहीतून?"

गुरुवारी प्राध्यापकांच्या बैठकीत अर्जाचा निकाल लागणार होता, आणि घोडं अडलं होतं संख्याशास्त्राच्या सरांपाशी. सुट्टीच्या अर्जातल्याही चुका लाल पेनानं काढणारा माणूस! भिंगरीनं पुस्तक छापून त्यांच्या टेबलावर ठेवलं होतं. बुधवारी दुपारी त्यांनी ते परत केलं. पानं लालेलाल.

"एकेचाळीस चुका. फुकट आहे म्हणून काहीही शिकवू?"

सर नाही म्हणाले तर सहाशे सह्यांची रद्दीच. ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली, लॅपटॉप उघडला आणि एकेक चूक दुरुस्त करत सुटली. पाच वाजता ती धापा टाकत पुन्हा सरांच्या खोलीत शिरली.

"सर, पान बत्तीस बघता?"

सरांनी बत्तीस बघितलं. मग तेहतीस. मग चष्मा पुसून पुन्हा बत्तीस.

"जुन्या पुस्तकातल्या एका चुकीसाठी मी प्रकाशकाला नऊ पत्रं लिहिली," ते हळूच म्हणाले. "एकाचंही उत्तर नाही. आणि हे तू दोन तासांत केलंस?"

"तुम्हीच केलंत, सर. मी नुसतं टाइप केलं."

सर लाल पेनाला टोपण लावून उठले. ना हो म्हणाले, ना नाही.

गुरुवारी भिंगरी बैठकीच्या दाराला कान लावून उभी. आतून प्राचार्यांनी विचारलं, "खुल्या पुस्तकाला कुणाचा आक्षेप?"

"माझा आहे!" सरांचा आवाज. भिंगरीनं कान दाराला आणखी दाबला. "सहाव्या प्रकरणातली उदाहरणं अगदीच मिळमिळीत आहेत. ती मी नवी लिहिणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही!"

भिंगरीनं आनंदानं अशी काही उडी मारली की दार उघडलं आणि ती थेट प्राचार्यांच्या खुर्चीपाशी जाऊन पडली. सगळे थक्क. सरांनी मात्र चष्म्यावरून पाहिलं.

"आलीस? बरं झालं. घे लिहून."

आणि भर बैठकीत, प्राचार्यांकडे सपशेल पाठ करून, सर पहिलं उदाहरण सांगू लागले.